लोटनच्या डोक्याची फिल्म

मी लोटनच्या डोक्याची एमआरआय फिल्म बोलतेय. जन्म धुळ्यात, एका धडधडणाऱ्या यंत्राच्या पोटी. अंगावर मेंदूची वीस चित्रं, त्यामुळे जन्मतःच वाटलं की माझ्याइतकं शहाणं कुणी नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार!

लोटन पंचविशीचा. त्याला कुणी नसताना आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्या वाईटावर आहेत असं वाटायचं. डॉक्टर सुलक्षणाबाईंनी त्याच्याशी तासभर बोलून स्किझोफ्रेनिया ओळखला, गोळ्या लिहून दिल्या. माझ्याकडे पाहिलं जेमतेम अर्धं मिनिट. गाठबिठ नाही, एवढंच म्हणाल्या. मला ते फार झोंबलं.

शिंदखेड्याजवळच्या गावात मात्र माझा मान मोठा. लोटनचे वडील तोतारामआबा कापूसवाले. ढिगात हात घालून कवडी, म्हणजे डागी कापूस, हुडकण्यात पटाईत. त्यांनी मला अंगणात उन्हात धरलं, तशीच नजर फिरवली आणि गल्लीला सांगितलं, "देखा, बठ्ठं साफ शे. एक डाग नई." मीही फुगले. त्याच दिवशी आबांनी गोळ्या बंद केल्या. डोकं साफ, मग औषध कशाला?

तीन आठवड्यांत लोटनची झोप उडाली. जेवणात विष आहे म्हणून तो आईच्या हातची भाकरी खाईना. आई, म्हणजे पुष्पाबाई, आधी स्वतः घास खाऊन दाखवायच्या, तरी ताट तसंच उरायचं. आबा मला पुन्हा उन्हात धरायचे, आणि मी बापडी पुन्हा साफच दिसायची. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

शेवटी पुष्पाबाईंनी हट्ट धरला, दोघांना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी समजावलं, या आजाराच्या शंभर जणांचे मेंदू मोजले तर मधल्या पोकळ्या सरासरीने थोड्या मोठ्या, वरचा करडा थर जरा पातळ निघतो. पण एकट्याच्या फिल्मवरून आजार आहे की नाही ते ठरत नाही. तरी आबांनी सवयीने मला पिशवीतून काढलंच. लोटन हळूच म्हणाला, "आबा, त्या फोटूले काय इचारतस? माले इचारा."

आबांनी मला खाली ठेवलं. मग ते लोटनकडे वळले.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आबा आता रोज सकाळी चहासोबत लोटनला विचारतात, आवाज आले का. तो कधी हो म्हणतो, कधी नाही. काल त्याने भाकरी मागून घेतली.

मी सध्या खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी चिकटवलेली आहे. वारा अडवते, तेवढं जमतं. बाबांनो, माझ्यासारख्या फिल्म जरूर काढून घ्या, पण फक्त आमच्या भरवशावर राहू नका. वीस चित्रं मिरवूनही मला जे कळलं नाही, ते पुष्पाबाईंना उरलेल्या एका भाकरीवरून कळलं होतं.