काळ्याच्या गळ्यातली घंटा

रेनडिअरांच्या गळ्यात एकतीस हिवाळे काढलेली मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. आता मी नॉर्वेच्या उत्तर टोकाला, पाहुण्यांच्या जेवणघराच्या दारावर टांगलेली असते. आकाशात हिरवा ध्रुवप्रकाश उतरला की कुणीतरी मला बडवतं, आणि पाहुणे ताटं सोडून कॅमेऱ्यांसकट बाहेर पळतात. माझा एवढाच उपयोग उरला आहे.

मला ओतताना कारागिराचा हात चुकला. एका बाजूची कड जाड राहिली, त्यामुळे माझा आवाज घोगरा झाला. रेनडिअरांचा कळप राखणाऱ्या राव्दनाला नेमका तोच आवडला. ती नवऱ्याला म्हणाली, "हीच घ्या. शंभरात ओळखू येईल."

राव्दनाच्या कानांची गावात ख्याती होती. मासे साफ करता करता ती सांगायची, "काळ्या ओढ्यापलीकडे गेलाय, बर्फ उकरतोय," आणि ते खरं निघायचं. काळ्या म्हणजे तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेला, बर्फावरची गाडी ओढणारा रेनडिअर. माझी सगळी चांगली वर्षं त्याच्या गळ्यात गेली. शेजारी तिला चिडवत, "राव्दनाबाई, आमच्या घरातली भांडणंही ऐकू येतात का हो?"

"येतात ना. म्हणून तर तुमच्याकडे कॉफीला येत नाही."

मला गप्प करायची एक रीत त्या घरात होती. लांडग्यांच्या भागातून जायचं असेल, तर माणूस आपल्या बुटात उबेसाठी घातलेलं वाळलं गवत काढून माझ्या तोंडात कोंबायचा. गवत स्वतःच्या बुटातलंच काढायचं. मग पाय गारठायचा, आणि गारठलेला पाय घंटा अजून मुकी आहे हे विसरू देत नसे.

राव्दनाचा नवरा गेला, तेव्हा मुलगा मिक्कल याने पाहुण्यांच्या हिवाळी सहली सुरू केल्या. तो माणूस वाईट नव्हता. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी बजावायचा, "जनावरांमध्ये काहीही घडो, मध्ये पडायचं नाही. बघायचं, फोटो काढायचा, गप्प बसायचं." कातडी बूट त्याने भिंतीवर शोभेला टांगले आणि स्वतः दुकानातले जाड बूट घालू लागला. बुटातल्या गवताची एक पेंडी मात्र गाडीत ठेवायचा, पाहुण्यांना दाखवायला.

गेल्या हिवाळ्यात रॉल्फ नावाचा पाहुणा आला. त्याला हिरव्या आकाशाखाली पांढरा कोल्हा हवा होता.

"कोल्हा पाच वेळा आला आणि तुमच्या त्या घंटेपायी पाचही वेळा पळाला," तो वैतागून म्हणाला.

"पट्टा गोठलाय, काढता येत नाही," मिक्कल म्हणाला. "थांबा, तिचं तोंडच बंद करतो."

त्याने पेंडीतलं गवत काढून माझ्या तोंडात कोंबलं. कोल्हा आला. रॉल्फने फोटो काढला आणि मिक्कलला मिठी मारली. दुपारचे चार वाजले होते, पण आमच्याकडे त्या दिवसांत तोवर काळोख पडलेला असतो. मिक्कलने कॉफी उकळली आणि काळ्याला गाडीपासून सोडून चरायला मोकळं केलं. जाड बुटांत मिक्कलचे पाय उबदार होते. तो विसरला.

ओढ्यावरचा बर्फ फुटून काळ्याचे मागचे पाय अडकले. अशा वेळी काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. मान हलवायची, घंटा वाजते, राव्दना येते. त्याने मान हलवली. तासन् तास हलवत राहिला, आणि मी त्याच्या छातीवर नुसती आपटत राहिले. मिक्कल बॅटरी घेऊन, हाका मारत आमच्यापासून वीस पावलांवरून गेला. वाऱ्यात बर्फ उडत होता, त्याला काही दिसलं नाही. घराच्या दारात राव्दना टोपी काढून, कान उघडे ठेवून उभी होती.

सकाळी वुल्व्हरिन आला. तो कुत्र्याएवढाच असतो, पण हाडं फोडून खातो. त्याने मागून सुरुवात केली. थोड्या वेळाने उजाडलं आणि रॉल्फ व त्याचे सोबती समोरच्या, लपून फोटो काढायच्या आडोशात येऊन बसले. काळ्याच्या पापण्या अजून हलत होत्या. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. मिक्कलने शिकवल्याप्रमाणे सगळे अगदी शहाण्यासारखे वागले. त्याला बोलावलं ते तासाभराने.

मिक्कलने पाहुण्यांकडे पाठ करून माझ्या तोंडातलं गवत ओढून काढलं आणि खिशात घातलं. घरी गेल्यावर तो आईला म्हणाला, "घंटा वाजत असणार गं. मी वाऱ्यात होतो. तुला घरातून नाही ऐकू आली?"

"नाही रे." तिने दोन्ही कान चाचपले. "माझे कान गेले, मिक्कल."

"वय झालं, आई."

मी तिथेच टेबलावर होते. त्या क्षणी मला त्याची किळस आली. राव्दनाने जनावरं धरायचा आपला दोर कायमचा खुंटीला अडकवला. वसंतात कळप किनाऱ्याकडे निघाला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच ती मागे राहिली. कुणी बोललं की कानामागे हात धरू लागली. ऐकू येत होतं, पण त्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

या हिवाळ्यात रॉल्फ परत आला तो तिच्यासाठी भेट घेऊन. चौकटीत बसवलेला, हातभर लांबीचा फोटो. वुल्व्हरिन, काळ्या, आणि काळ्याच्या गळ्यात मी.

"जवळून बघा ना," तो कौतुकाने म्हणाला. "काडी न् काडी दिसते."

राव्दनाने जवळून बघितलं. मग माझ्या तोंडावर बोट ठेवलं.

"मिक्कल, हे कुठलं गवत?"

मिक्कलने पाय मागे ओढले.

"तुझ्या बुटातलं तर नाही," ती शांतपणे म्हणाली आणि खिळा-हातोडा घेऊन आली. आता तो फोटो मिक्कलच्या जेवणाच्या जागेसमोर आहे. तिथून तो काढायची त्याची हिंमत होत नाही.

मित्रांनो, ज्याच्या आवाजावर कुणाचा जीव अवलंबून आहे, त्याचं तोंड बंद करू नका. केलंच, तर आठवणीने सोडा. आणि सोडायला विसरलात, तर निदान दुसऱ्याच्या कानांना दोष देऊ नका.