मानेतल्या गाठी

"अहो, सोडा... श्वास..." पुढचं तिला बोलवेना. नवऱ्यानं तिला भिंतीशी रेटून गळा आवळला होता. कारण काय, तर रात्रभर अंग खाजवून तिनं त्याची झोपमोड केली.

एकाएकी त्याची बोटं ढिली पडली. त्यानं कानाखाली चाचपलं. रबरासारख्या, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी.

"हे काय गं?"

"तुमच्याच हातचं," ती खोकत म्हणाली. "मागची सूज असेल. दुखत नाही."

दुखत नव्हतं म्हणूनच तिनं अंगावर काढलं होतं. ती गणवेशांच्या कारखान्यात शिवणमशीन चालवायची. कपडे सैल होत चालले, संध्याकाळी ताप भरायचा, पहाटे चादर घामानं ओलीचिंब. सगळ्याचं खापर तिनं मारावर फोडलं होतं.

नवऱ्याची मात्र पाचावर धारण बसली. तो स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेला. "जिन्यावरून पडले म्हणायचं," वाटेत दम भरला.

डॉक्टरीणबाईंनी मान, काखा, जांघा चाचपल्या आणि एक अख्खी गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"लिम्फोमा आहे. लसीकाग्रंथींचा कॅन्सर. ग्रंथीची मूळची घडणच मोडून गेलीये. आत मोठाल्या पेशी दिसल्या, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन-दोन केंद्रकं असलेल्या. या प्रकाराला हॉजकिन म्हणतात. खाज, ताप, घाम, सगळं त्याचंच. पण केमोनं बऱ्या व्हाल, अशी चांगली आशा आहे."

"मार लागून होतो का हा?" नवऱ्यानं विचारलं.

बाईंनी तिच्या गळ्यावरचे वळ पाहिले. "नाही. मारानं कॅन्सर होत नाही."

बाहेर येताच त्याचा जीव भांड्यात पडला. चक्क हसला तो. "ऐकलंस? माझा काही दोष नाही! उगाच माझ्या नावानं खडे फोडत होतीस."

तिच्या हातात पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली होती. हात कधी उचलला, तिला कळलंच नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तेवढा कळला. तो गुडघ्यांवर कोसळला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्याला वॉर्डबॉयनं तिचं मनगट धरलं. फरशीवर रक्त सांडत होतं.

"काय झालं?" धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"जिन्यावरून पडलो," तो नाक दाबून म्हणाला.

ती त्याच दिवशी बहिणीकडे राहायला गेली.

पहिल्या केमोला नर्सनं तिचा हात उशीवर ठेवला, शीर शोधली. "हलायचं नाही हं. कुणाला हात धरायला बोलावू?"

"नको," ती म्हणाली. "धरू नका."

सुई आत गेली. हात उशीवर तसाच राहिला.