नावानिशी

रुआन ताओपिंगला एका गोष्टीचा फार गर्व होता. शांघायात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारे पैशाला पासरी मिळतात, आणि त्यांच्या फोटोंखाली लिहिलेलं असतं 'एक म्हातारी' नाहीतर 'एक सायकलवाला'. रुआनला त्याची चीड येई. माणसाला नाव असतं की नाही? तो प्रत्येक फोटोखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव, वय, गल्ली आणि घराचा नंबर लिही. याला तो मान देणं म्हणे. चौदा वर्षं त्यानं शुनदं गल्लीला असा मान दिला होता, आणि गल्लीनंही त्याच्यापुढं कधी तोंड लपवलं नव्हतं.

तिथं लपवायला होतं तरी काय म्हणा. एका स्वयंपाकघरात चार घरांच्या शेगड्या, नळ बाहेर, संडास गल्लीच्या टोकाला. मग घर कुठं संपलं आणि रस्ता कुठं सुरू झाला, हे कुणी ठरवायचं? माणसं नाइटसूटवरच दात घासत, भाजी निवडत, कोपऱ्यावरून सोयाचं दूध आणत. मियाओमावशी तर त्यात सगळ्यांच्या पुढं. एकाहत्तर वर्षांची, सूतगिरणीतून निवृत्त झालेली, अंगात गुलाबी फुलांचा रजईसारखा जाड नाइटसूट आणि दंडावर गल्लीप्रमुखाची लाल पट्टी. नवरा गेला, पोरगी लग्न होऊन शेनझेनला गेली, पण ती पट्टी एकोणीस वर्षं जागची हलली नव्हती. चुकीच्या डब्यात कचरा टाकणाऱ्याला ती तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं झाडायची. रुआनला ताप आला की मात्र सूपात सोडलेल्या, खिमा भरलेल्या वाँटनचा वाडगा त्याच्या दारात ठेवून म्हणायची, "खा मेल्या, फोटोंनी पोट भरत नाही."

थंडीच्या तोंडाला वॉर्ड कचेरीतल्या झोंगबाईंनी रुआनला बोलावलं. नागरी शिस्तीची मोहीम होती, गल्लीच्या तोंडाशी फलक लावायचा होता, रोजच्या जगण्याचे फोटो हवे होते. बदल्यात वसंतात सांस्कृतिक केंद्राचं तळमजल्याचं दालन, त्याच्या प्रदर्शनासाठी. त्या दालनासाठी रुआनचे जोडे झिजले होते. कसला फलक, हे त्यानं विचारलंच नाही. बारा फोटो काढून दिले, खालच्या अक्षरांसकट.

सोमवारी सकाळी खाकी कागदात गुंडाळलेला फलक आला. तो टांगणं गल्लीप्रमुखाचं काम. मियाओमावशीनं दोघांना शिडी धरायला लावली, वाकडा लागला म्हणून त्यांनाच फैलावर घेतलं, तार स्वतःच्या हातानं आवळली आणि कागद फाडला. वर लाल अक्षरात होतं: 'असभ्य वर्तन. नाइटसूट घालून रस्त्यावर येऊ नका.' खाली रुआनचे फोटो, आणि मधोमध सगळ्यात मोठी ती स्वतः. गुलाबी नाइटसूट, तोंडात तळलेली लांब पुरी, कारण दोन्ही हात दंडावरची पट्टी बांधण्यात गुंतलेले. त्याखाली वळणदार अक्षर: मियाओ यूफंग, वय एकाहत्तर, शुनदं गल्ली, घर नंबर चौदा.

पहिली हसली ती वरच्या मजल्यावरची ओउबाई. तिला कचऱ्यावरून मावशीनं तीनदा चारचौघांत सुनावलं होतं. हसता हसता तिनं बहिणीला फोन लावला. दुपारपर्यंत शेजारच्या गल्ल्यांतली माणसं मोबाइल उंच धरून उभी. एकोणीस वर्षं जिला टरकून राहिले, तिच्यावर हसायची संधी लोक सोडतात होय!

संध्याकाळी ती रुआनच्या दारात आली. लग्नाकार्यातला काळा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आता ही आपली सालटी काढणार, असं त्याला वाटलं. काढली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तोंड राहू दे. ओळखणारे तसेही ओळखतात. नाव तेवढं काढायला सांग. पोरीच्या सासरी कुणी पाठवलं तर तिनं काय करायचं?"

"उद्याच सांगतो, मावशी."

झोंगबाईंनी त्याला चहा दिला. नुसत्या फोटोंना लोक भीक घालत नाहीत, त्या म्हणाल्या, नावानं काम झालं, आणि नावाची कल्पना तुमचीच की. तरी नावावर कागदाची चिकटपट्टी लावता येईल. फक्त रुआननं लिहून द्यायचं की नावं त्यानं परवानगी न घेता दिली. असं लिहून देणाऱ्याला मग दालन मिळणार नाही, एवढंच. त्यांनी कागद आणि पेन पुढं सरकवलं. रुआननं चहा संपवला. सही केली नाही.

"ते ऐकत नाहीत," त्यानं मावशीला सांगितलं. तू खटपट केलीस हेच खूप, असं म्हणून तिनं त्याला वाँटनचा वाडगा दिला. तो त्यानं खाल्ला.

दोन दिवसांनी कुणीतरी फलकावर शाई फेकली. लगेच नवा आला आणि हुकूम आला: राखण गल्लीप्रमुखानं करायची, जमत नसेल तर पट्टी परत द्यायची. तिनं पट्टी दिली नाही. सकाळी सातपासून स्टूल टाकून ती स्वतःच्याच फोटोखाली बसू लागली. ओउबाई नातवाला दाखवायला घेऊन आली.

चौथ्या सकाळी रुआननं ते पाहिलं. तिरपं ऊन, वर गुलाबी म्हातारी, खाली काळ्या कोटातली, दोघींच्या दंडावर तीच लाल पट्टी. असा फोटो जन्मात एकदा मिळतो, हे त्याला कळलं. कॅमेरा वर गेला. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

मियाओमावशीनं तोंड लपवलं नाही. "काल मीच गेले होते कचेरीत," ती म्हणाली. "कागद पुढं ठेवला होता म्हणे. एक सही, रुआन." मग तिनं पट्टी सरळ केली. "काढ."

त्यानं तीन काढले.

वर्षअखेरीला पट्टी ओउबाईच्या दंडावर गेली. फलकावरची बाई गल्लीप्रमुख म्हणून शोभत नाही, असं कचेरीचं म्हणणं पडलं. वसंतात दालन उघडलं, आणि दारासमोरच तो फोटो लागला, पुरुषभर उंच. पाहुणे त्यापुढं थबकत. खाली काय लिहायचं म्हणून रुआन दोन आठवडे तळमळला होता. शेवटी त्यानं लिहिलं होतं: 'एक म्हातारी'.

ती न बोलावता आली. तोच कोट, दंड मोकळा. वाकून तिनं ते दोन शब्द वाचले, पुन्हा वाचले.

"आता कुठं गेलं रे माझं नाव?"

रुआन पाहुण्यांकडं पाहत राहिला. तेव्हा ती वळली आणि कचऱ्याच्या डब्यापाशी लावायची त्या आवाजात साऱ्या दालनाला म्हणाली, "मियाओ यूफंग. वय बहात्तर. शुनदं गल्ली, घर नंबर चौदा."

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.