बाईंनी केलेली खूण

सविताबाईंनी आयुष्यात फार मोठी पापं केली नव्हती. एक केलं, तेही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, मोबाईलवर बोट टेकवून.

केंदूरच्या अलीकडे एका वाडीवर त्यांची दोन खोल्यांची शाळा. तिसरीच्या वाचनाची तपासणी चालली होती. अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट अशा पायऱ्या. जे मूल जिथवर वाचेल तिथं मोबाईलवर खूण करायची. गोष्टीपर्यंत न पोचलेल्यांना मे महिन्यात वाचनवर्ग. मेहक सर्वांत शेवटी आली. तीच गोष्ट तिच्यासमोर अठरा पोरांनी वाचली होती, तिनंही ती घडाघडा म्हटली. म्हटली, वाचली नाही. तिची नजर कागदावर नव्हतीच, बाईंच्या तोंडाकडे होती. बाईंना ते कळलं. न कळायला त्या काय काल नोकरीला लागल्या होत्या? पण बाकीचे अठरा जण गोष्टीवर पोचलेले. एवढी एक झाली की वर्ग शंभर टक्के. बाईंनी खूण केली आणि वर पोरीला शाबासकी दिली. त्या शाबासकीची त्यांना पुढे जास्त लाज वाटली.

नंतर बाई वरवंडला माहेरी गेल्या. आंबे खाल्ले, लग्नांना हजेरी लावली, पण मेहकचं तोंड काही डोळ्यांसमोरून हलेना. पंधरा दिवसांनी परतल्या त्या सरळ वाडीच्या समाजमंदिरात गेल्या. तिथं कॉलेजात शिकणारी वैष्णवी दुसरी आणि चौथीच्या कच्च्या पोरांचा वाचनवर्ग घेत होती.

कोपऱ्यात चार लहान पोरं घेऊन मेहक बसली होती. वैष्णवीनं कौतुकानं सांगितलं, की मेहकचे वडील रिजवानभाई रांजणगावला कंपनीत जाताना लेकीला रोज सकाळी गाडीवरून सोडतात. यादीत नाव नाही, तरी येते. वाचता येणारी पोरगी, म्हणून तिला ही चौघं सोपवली.

मेहकच्या मांडीवर पुस्तक होतं. चित्र विहिरीचं आणि ती सांगत होती शेळीची गोष्ट. एका पोरानं एका शब्दाखाली बोट धरून विचारलं, हे काय लिहिलंय? मेहक म्हणाली, "ते तू सांग. परीक्षा तुझी हाय." हे वाक्य बाईंचं होतं. रोज वर्गात म्हणायच्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, गपचूप निघून जावं, असं बाईंच्या मनात आलं. आलं, हे खरं आहे. पण पाय उचलेना. त्यांनी वैष्णवीला आणि मेहकला बाहेर पायरीवर बोलावलं.

"मेहकचं नाव तुझ्या यादीत घाल," त्या वैष्णवीला म्हणाल्या. "हिला वाचता येत नाही. मला तेव्हाच कळलं होतं. खोटी खूण मी केली, हिचा काही दोष नाही."

बाईंना वाटलं, मेहक आता रडेल. तिनं नुसता सुटकेचा श्वास टाकला.

"मला ठावं व्हतं तुमाला कळलंय," मेहक म्हणाली. "मला वाटलं, आता तुमी शिकवाया बोलवाल. म्हून पैल्या दिवशी सगळ्यांच्या आदी आले. तर ताईनं मलाच शिकवाया बसवलं."