डुकरांना शेतीचा सल्ला

मी फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातला रेडिओ बोलतोय. तुम्ही ऐकताय ना? नाहीतर हल्ली माझं बोलणं रानडुकरांच्याच कानी पडतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. पाठीवरची चिठ्ठी केव्हाच निघून गेली. रामीबाईनं मला बाजारातून आणलं तेव्हा ती तांड्यात नवी सून होती. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की अंगणात माणसं जमायची. मी मराठीत सांगायचो आणि रामीबाई म्हाताऱ्यांना तेच तांड्याच्या गोरबोलीत समजावायची. काय रुबाब होता माझा!

मग घरात टीव्ही आला, त्याच्यामागून हाताहातात मोबाईल आले आणि माझी रवानगी शेतात झाली. माणसाचा आवाज आला की डुकरं बिचकतात. म्हणून रामीबाईचा नवरा प्रेमसिंग मला मक्याच्या पट्ट्यात बांबूला टांगतो, आवाज मोठा करतो आणि घरी निघून जातो. तेही नेमका शेतीचा कार्यक्रम सुरू होताना! गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर गाढव निदान उभं तरी राहतं.

या भादव्यात मात्र माझा जीव टांगणीला लागला. प्रेमसिंगनं कपाशीवर फवारायला दोन औषधं आणली होती. "दोन्ही एकातच कालवतो, एका फेऱ्यात काम होते," असं तो मला टांगता टांगता शेजाऱ्याला म्हणाला. त्याची पाठ वळते न वळते तोच माझ्यातून एक बाई सांगू लागल्या, की विचारल्याशिवाय दोन औषधं एकत्र करू नका, डोक्याएवढ्या कपाशीत उघड्या तोंडानं शिरू नका. मी जीव तोडून ओरडत होतो आणि प्रेमसिंग मोबाईलवर गाणं ऐकत धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालला होता.

सकाळी तो पंप घेऊन आला. तीच माहिती पुन्हा लागली होती. "दोन औषधं..." एवढं मी म्हणालो आणि त्यानं रोजच्यासारखा माझा कान पिळला. मी गप्प झालो.

मागून औषध कालवायला पाण्याची कळशी घेऊन रामीबाई आली.

"बंद काहून केला? औषधाचंच सांगून राह्यली होती ते बाई."

"डुकरं गेले ना. आता कोणाले आयकवतं?"

"तुमाले!"

प्रेमसिंग हसला. कळशीसाठी त्यानं हात पुढे केला, पण रामीबाईनं ती कमरेवरून उतरवलीच नाही.

"पुरं आयकल्याबिगर पाणी देत नाही. संध्याकाळी सांगतीन ते पुन्हा. आज याले घरीच ठेवू."

"अन् डुकरं?"

"मका खातीन. तुमाले त नाही खात?"

त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी अंगणात बोललो. प्रेमसिंग तोंड फुगवून बसला होता, पण बसला होता. बाईंनी विषबाधेची लक्षणं सांगितली. डोळे चुरचुरतात, मळमळतं, चक्कर येते. तो हळूच म्हणाला, "मांगच्या फवारणीले मले असंच झालतं. उन्हानं असन म्हनलं."

रामीबाईची तव्यावरची भाकर करपली, तरी तिला भान नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हाही मी हेच सांगत होतो हो, मक्यातल्या डुकरांना!

सकाळी अर्धा मका आडवा झाला होता. प्रेमसिंगनं मला शिव्या घातल्या, त्या मी गोड मानून घेतल्या. मग दोन्ही बाटल्या पिशवीत घालून तो कृषी सहायकाला विचारायला गेला.

आता माझा आवाज फाटलाय, कान ढिला झालाय. प्रेमसिंग मला पुन्हा रोज शेतात नेतो. कधी कार्यक्रम संपेपर्यंत धुऱ्यावर टेकतो, कधी तसाच निघतो. तो निघाला की माझी घालमेल सुरू होते. मका मी राखीन, पण त्याची बाही धरून त्याला बसवायला मला हात नाहीत. तुम्ही कोणी त्या धुऱ्यावरून जात असाल, तर त्याला एक हाक मारा. माझ्या हाकेनं डुकरंसुद्धा थांबत नाहीत, पळतात.