मनगटाची स्टेप

"नाही नाही मॅम, असं नाही. ओरिजिनलमध्ये तो मनगट धरतो!"

पुष्करनं गाणं मध्येच थांबवायला लावलं आणि कृतिकाचं उजवं मनगट धरून वर उचलून दाखवलं. "हे बघा. असं. मग ती सोडवायला बघते, तो सोडत नाही. सगळी मजा त्यातच आहे ना गाण्याची!"

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीचं क्लबहाऊस, टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवलेलं, दोन्हीकडची माणसं खुर्च्यांवर आणि मधोमध ही जोडी. रसिकानं आधी मान डोलावली. लग्नाच्या संगीतातले डान्स बसवायचे म्हणजे अर्धं काम पायांचं आणि अर्धं माणसांचं, त्यामुळे नवरा मुलगा काहीही म्हणाला तरी आधी हो म्हणायचं आणि मग आपल्याला हवं तेच करून घ्यायचं, ही तिची नेहमीची ट्रिक.

"धरतो, बरोबर आहे," ती म्हणाली. "पण आपण काय करतोय, तू फक्त हात पुढे करायचास. तळवा वर. ती मान उडवणार, नाही म्हणणार, आणि मग तिला वाटलं की स्वतः हात देणार. फोटोतपण भारी दिसतं."

"आणि नाही वाटलं तर?" पुष्करनं विचारलं.

सगळे हसले. सुनेत्राकाकू, म्हणजे पुष्करची आई, सगळ्यांत मोठ्यांदा. "नाही वाटलं तर काय आमचा मुलगा रिक्षाला हात केल्यासारखा उभा राहणार का गं?"

पुष्करही हसला. पण हसताना मनगट काही त्यानं सोडलं नाही. पाणी आलं, त्यानं दुसऱ्या हातानं ग्लास घेतला, प्यायला, कुणाशी तरी गुडगावच्या ट्रॅफिकवर बोलला, आणि ते मनगट तसंच हातात, किल्ली धरावी तसं. रसिकाचं लक्ष गेलं ते कृतिकाच्या बोटांकडे. बोटं पांढरी पडत चालली होती. तिनं झटकन चेहरा पाहिला. चेहऱ्यावर स्माइल. अगदी गाण्यात शिकवलेली, तशीच्या तशी.

"चालेल दीदी," कृतिका म्हणाली. "ओरिजिनलच ठेव ना."

आता गंमत बघा, हे गाणं म्हणजे चांगलं कृतिकाच्या आईच्या कॉलेजच्या काळातलं. हिरो हिरॉइनीला बागेत अडवतो, मनगट धरतो, ती 'छोड़ो, छोड़ो' म्हणत राहते आणि शेवटच्या छोड़ोला लाजून हसते. बस, एवढंच गाणं. मध्यंतरी कुणी तरी त्याला नवा ठेका लावला आणि दिल्लीतल्या प्रत्येक लग्नात ते वाजायला लागलं. रसिकाकडे येणाऱ्या मुली आताशा स्वतःच सांगायच्या, दीदी, वो हाथ पकड़नेवाला मत रखना यार, कैसा तो लगता है. म्हणून तर तिनं ती तळव्याची स्टेप काढली होती. आजवर एकाही नवऱ्या मुलानं तक्रार केली नव्हती. उलट त्यांनाही बरंच वाटायचं.

रसिका वाढली सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. तिथे असलं गाणं टीव्हीवर लागलं की तिचे बाबा, राजाभाऊ, उठून बातम्या लावायचे. क्वार्टर्सच्या गणपतीत ती एकदा एका फिल्मी गाण्यावर नाचली, तर पुढच्या रांगेतल्या दोन काकू उठून गेल्या आणि बाबा आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. आणि आज? त्यातल्याच एका काकूच्या नातीचा संगीत तिनंच बसवला, काकू स्वतः कंबर हलवत होत्या, आणि राजाभाऊ लेकीचे व्हिडिओ मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला दाखवत फिरतात.

त्या दिवशी घरी येऊन तिनं चहा घेता घेता बाबांना सगळं सांगितलं.

"अगं, धरला असेल हात. लग्न ठरलंय त्यांचं," राजाभाऊ म्हणाले. "आमच्या वेळी असं चारचौघांत कुणी हात धरला असता का? आता मोकळेपणा आलाय, चांगलंच आहे की."

"मोकळेपणा कोणाला आलाय बाबा?"

राजाभाऊंनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझी आई मला म्हणायची, तुम्ही टीव्ही बंद करता, पण नाक्यावर जे उभे असतात ते कुठे बंद होतात? मला राग यायचा तिचा." आणि उठून गॅलरीत गेले.

पुढच्या प्रॅक्टिसला पुष्कर गाडी पार्क करायला गेला आणि कृतिका एकटी आधी आत आली. फुल बाह्यांचा टॉप, गळ्याशी ओढणी. दिवाळी होऊन गेली तरी गरम होतंच होतं, हवा धुरकट, श्वास घेतला तरी घशाला खाज.

"बाह्या वर कर, हात मोकळे दिसू देत," रसिका सवयीनं म्हणून गेली.

"नको दीदी. ठीक आहे." मग दाराकडे बघत, घाईघाईत, "ऐक ना. ती स्टेप ओरिजिनलच ठेव. प्लीज. तू बदललीस ना, तर तो समोर काही नाही बोलत. नंतर चिडतो."

"नंतर म्हणजे?"

"नंतर म्हणजे… गाडीत."

"आईला सांगितलंस?"

कृतिका हसली. "आई म्हणते, पझेसिव्ह आहे, लव्ह मॅरेजमध्ये असतं असं. म्हणते, आमच्या वेळी तर नवऱ्याशी बोलायलाही मिळायचं नाही, तुम्ही लोक तर डान्स करताय बरोबर."

"आणि तुला काय वाटतं?"

तेवढ्यात कुठे तरी रिंग वाजली. कृतिकाच्या फोनची. पण फोन तिच्याकडे नव्हताच. पुष्कर आत येत होता, फोन त्याच्या खिशातून काढत, नाव वाचत. त्यानं कॉल कट केला, फोन परत स्वतःच्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "चला मॅम, स्टार्ट करूया? बिल्कुल टाइम नाहीये."

खरं तर रसिकानं त्याच दिवशी कृतिकाच्या आईला, सुहासिनीताईंना, बाजूला घेतलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात अख्खा सेक्शन सांभाळणारी बाई, मंत्रालयातल्या लोकांना फोनवर सुनावणारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग रसिकाचा दंड थोपटला. "तू किती काळजी करतेस गं. पत्रिका वाटून झाल्यात, पुण्याहून माणसं निघालीयत. तू फक्त तिचे पाय बीटवर पडतायत ना एवढं बघ." बोलताना त्यांचा आवाज एकदाच कापला, 'पत्रिका' म्हणताना. रसिकाला कळलं की यांनाही माहितीय.

संगीत होता छतरपूरच्या एका फार्महाऊसवर, भर दुपारी. हल्ली तशीच फॅशन आहे, उन्हातले फोटो छान येतात म्हणून. पण ऊन होतं कुठे? आकाश सगळं राखेच्या रंगाचं, सूर्य म्हणजे नुसता एक फिकट डाग, आणि त्या धुरात झेंडूच्या माळा, पिवळ्या छत्र्या, मास्क लावलेले वेटर. सकाळीच सरोजिनी नगरच्या मार्केटातनं बांगडीवाल्याला घरी बोलावून कृतिकाला हिरवा चुडा भरला होता. दोन्ही हात कोपराच्या जवळपर्यंत हिरवेगार. फुल बाह्यांची आता गरजच उरली नव्हती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. संगीतात स्टेजवर जे नाचतात ना, त्यांना स्टेप्स कधीच पाठ नसतात. म्हणून काय करायचं, डान्स बसवणारी काळे कपडे घालून स्टेजच्या खाली, कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहते आणि अख्खं गाणं आरशासारखं नाचून दाखवते. वरचे सगळे तिच्याकडे बघून नाचतात. लोकांना वाटतं, काय कॉन्फिडन्सनं पब्लिककडे बघतायत! तशी रसिका खाली उभी होती. तिच्या एका बाजूला साउंडवाला नरसिंह, तिच्याबरोबर कितीतरी लग्नं केलेला, आणि दुसऱ्या बाजूला सुहासिनीताई, फोन वर धरून रेकॉर्डिंग करत.

सुनेत्राकाकूंचा डान्स झाला. काय नाचल्या बाई! एकदम धमाल गाण्यावर, डोळा मारून, शिट्ट्या झाल्या. "आमच्या घरात सगळं ओपन आहे हं," त्या माइकवर म्हणाल्या. टाळ्या.

मग जोडीचं गाणं. कृतिका स्टेजवर आली आणि तिनं रसिकाकडे जे बघायला सुरुवात केली, ती नजर हटेचना. पुष्करकडे एकदाही नाही. पहिलं कडवं झालं. गिरकी झाली. आता ती ओळ येणार, आता रसिकानं हात पुढे करायचा, मग वर कृतिका हात पुढे करणार, आणि मग तो धरणार.

रसिकानं हात पाठीमागे घेतला आणि एक पाऊल मागे गेली.

ठरवलं नव्हतं हो तिनं. पण गेली. आणि वर कृतिकानं हुबेहूब तेच केलं. पुष्करच्या मुठीत हवा आली.

"अरे कट मारला! वहिनीनं कट मारला!" पोरं ओरडली, हसण्याची लाट उठली, कुणी तरी शिट्टी मारली. ओळ परत आली. रसिका परत मागे. कृतिकापण मागे, आणि या वेळी तिच्या चेहऱ्यावर शिकवलेली स्माइल नव्हती, एक वेगळंच काही तरी होतं, लहान मूल झोक्यावर पहिल्यांदा उंच जातं तसं. पुष्करही हसत होता. दात दिसत होते. डोळे मात्र थेट खाली, रसिकावर.

आणि रसिकाला एकदम आठवलं. नंतर. गाडीत. आपण हे काय केलं?

तिसऱ्यांदा ओळ यायची त्यानं वाट पाहिलीच नाही. दोन ढांगांत पुढे आला आणि मनगट पकडलं, चुड्यासकट, आणि आवळलं. काच फुटल्याचा आवाज ठेक्यात कुणालाच आला नाही. हिरवे तुकडे तेवढे उडाले.

"वाढल्या! बांगड्या वाढल्या म्हणायचं!" खुर्च्यांमधल्या बायका बोलून गेल्या. सुनेत्राकाकू टाळ्या वाजवत, "चालायचंच! वन्स मोअर!" आणि लगेच सगळे, वन्स मोअर, वन्स मोअर.

गाणं 'छोड़ो, छोड़ो' म्हणत होतं. कृतिकाचे ओठ हलत होते. सगळ्यांना वाटलं, काय मस्त लिपसिंक करतेय. तिच्या मनगटावरून एक बारीक लाल रेघ कोपराकडे निघाली होती, मेंदीतून वाट काढत, आणि तरी ती रसिकाकडेच बघत होती. पुढे काय करायचं? पुढची स्टेप कुठली?

रसिकाकडे पुढची स्टेपच नव्हती. ती नरसिंहकडे वळली आणि हाताचा पंजा गळ्यावरून आडवा फिरवला. बंद कर.

"मॅडम, बीच में?"

"बंद कर!"

म्युझिक बंद झालं. अख्खं लॉन गप्प. आणि त्या गप्प लॉनमध्ये कृतिकाचा आवाज एकटाच चालू राहिला, कारण तिला थांबायचं कळलंच नाही.

"सोड. सोड, पुष्कर. दुखतंय. सोड ना."

मराठीत. गाण्याचे शब्द नव्हतेच ते. किती वेळ म्हणत होती, कोणास ठाऊक.

कुणी हललं नाही. एक वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभा. शिट्टी मारणाऱ्या पोरानं बोटं तोंडातून काढून खिशात घातली.

"क्या हुआ भाई?" पुष्कर हसत साउंडकडे बघून ओरडला. मनगट अजून हातातच. "म्युझिक का बंद केलं? चालू कर यार."

नरसिंहनं पुष्करकडे पाहिलं, मग रसिकाकडे. तिनं मान हलवली, नाही. त्यानं दोन्ही हात मशीनवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

सुहासिनीताईंनी फोन खाली घेतला. साडीच्या निऱ्या धरून त्या स्टेजच्या पायऱ्या चढायला लागल्या, तशी रसिकाला वाटलं, आता जवळ घेतील, आता काही तरी बोलतील त्या, फोनवर मंत्रालयाला सुनावतात तसं. त्या लेकीजवळ गेल्या. तिच्याकडे पाहिलं नाही. खाली बसल्या आणि काचेचे तुकडे वेचायला लागल्या, एकेक, पदरात, जावयाच्या पायाशी वाकून. त्याच्या पायाला लागू नयेत म्हणून.

कृतिका आईच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली. या वेळी तिनं खाली रसिकाकडे पाहिलं नाही. कुणाकडेच पाहिलं नाही. डावा हात उजव्या मनगटावर आणला आणि पुष्करचं एक बोट धरून उघडलं. मग दुसरं.