वायर पुरली नाही

मित्रांनो, मी वायरचा माइक आहे. होतो, असे म्हणा. आता जिन्याखालच्या खोक्यात एक मोडका पंखा आणि फुटकी फुलदाणी यांच्यासोबत पडून आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. ती कशी चेपली ते सांगतो. गोष्ट गोड नाही. गोड गोष्टी माझ्यातून पुष्कळ सांगून झाल्या. त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या, आणि त्या मीच मोठ्या करून सगळ्यांच्या कानांवर घातल्या.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. एकीने तारेचे बारीक वेटोळे बसवले, दुसरीने त्यावर कागदाहून पातळ पडदा चिकटवला, तिसरीने जाळी आवळली. चौथीचे काम फक्त बोलून बघण्याचे. दिवसभर ती शेकडो माइकांत "एक, दोन, तीन" म्हणायची. माझी पाळी आली तेव्हा वैतागून म्हणाली, "पाय गेले बाई माझे!" माझ्यात शिरलेले पहिले वाक्य खरे होते. पुढे तसे वाक्य फार थोड्या वेळा वाट्याला आले.

मला एका लहानशा ख्रिस्ती मंडळीने विकत घेतले. टायर दुरुस्तीच्या दुकानावर त्यांचा हॉल होता. प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसले की खालून हवेचा फुस्स आवाज यायचा आणि मुले खुदखुदायची. रविवारी तीस-चाळीस माणसे जमत. उपासना चालवणारे पाळक मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नव्हेत. मशीनवर त्यांचा मेहुणा बसायचा. आवाज कमी-जास्त करणे एवढेच त्याचे काम, पण थाट असा की जणू ऊन-पाऊस तोच सोडतो. पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. मऊ फडक्याने पुसत मला. म्हाताऱ्या म्हणत, "आता कसं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतं!" मीही फुगलो.

मग पाळकांनी भिंतीवर फळा लावला. त्यावर सात पायऱ्यांचा जिना रंगवलेला. सगळ्यात खाली 'नवा जन्म', सगळ्यात वर 'परिपक्व'. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी टाचणीने आपापल्या पायरीवर. देवाने या आठवड्यात आपल्यासाठी काय केले याची साक्ष माझ्यासमोर उभे राहून द्यायची. साक्ष जोरदार झाली की चिठ्ठी वर. लोकांनी विश्वासात वाढावे, जन्मभर पाळण्यात लोळू नये, असे पाळकांना मनापासून वाटत होते. पण मोजपट्टीला उभे केलेले मूल टाचा उचलते. मोठी माणसेही टाचा उचलू लागली. कोणाची सर्दी गेली, साक्ष. कोणाची बदली टळली, साक्ष. एकाने तर सांगितले की मी प्रार्थना केली आणि जिन्यातच मला छत्री सापडली. मागून एक आजोबा ओरडले, "अहो, ती माझी आहे! परत द्या आधी!" त्या दिवशी मीसुद्धा करकरलो.

या मंडळीत एक शिवणबाई होती. शाळेचे गणवेश शिवून घर चालवायची. केसांत कायम दोऱ्याचे तुकडे. नवरा वारलेला, एक अकरा वर्षांची लेक. लेकीला फिट यायची. बसल्या जागी डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचे. सहा वर्षे शिवणबाई देवाकडे एकच मागणे मागत होती आणि सहा वर्षे तिची चिठ्ठी दुसऱ्या पायरीवर होती. सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते. छत्रीवाला चौथ्या पायरीवर होता.

मग नव्या गोळ्यांनी दोन महिने फिट आली नाही. बायका तिच्याभोवती जमल्या. "ताई, उत्तर मिळालं की तुम्हाला! साक्ष द्या, साक्ष!" पाळक म्हणाले, "ताई, हातात यायच्या आधी आभार मानतो, तो खरा विश्वास."

ती पुढे आली. तिने मला दोन्ही हातांनी धरले. "माझी लेक बरी झाली!" ती म्हणाली. टाळ्या झाल्या. सहा वर्षांत तिच्यासाठी पहिल्यांदाच टाळ्या. त्या टाळ्यांच्या भरात, कोणी सांगितले नसताना, ती ओरडली, "आणि उद्यापासून गोळ्या बंद!" टाळ्या दुप्पट झाल्या. चिठ्ठी एकदम पाचव्या पायरीवर गेली. टाळ्या वाजवणाऱ्या त्या हातांत एकाही डॉक्टरचा हात नव्हता. आणि मी? मी ते वाक्य खालच्या टायरवाल्यापर्यंत पोहोचवले.

सत्तावीस दिवस गेले. चौथ्या रविवारी उपासना संपल्यावर मुलगी जिना उतरत होती. फिट आली. ती वळणापर्यंत गडगडत गेली. पुढचे दोन दात पडले, हनुवटीला टाके पडले. डॉक्टरांनी शिवणबाईला चांगलेच झापले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण आजार आता आवरेना. पूर्वी महिन्यातून एकदा यायची ती फिट आठवड्यातून दोनदा येऊ लागली.

मंडळीने काय केले? चिठ्ठी पाचव्या पायरीवर तशीच ठेवली. खाली आणायची पद्धतच नव्हती. मायलेकींना मात्र दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवले, म्हणजे फिट आली तर पटकन बाहेर नेता येईल आणि उपासना मोडणार नाही. त्या बाकावरची बाकीची माणसे एकेक करून पुढे सरकली. साक्षीच्या वेळी पाळकांची नजर त्या बाकापर्यंत जाऊन मागे फिरायची. तरी शिवणबाई येत राहिली. गाणे म्हणायची नाही. डोळे मिटायची, ओठ हलायचे नाहीत. असे एक वर्ष गेले.

एका शनिवारी दुपारी ती हॉलमध्ये व्यासपीठाचा पडदा दुरुस्त करत होती. लेक पडद्याचे दुसरे टोक धरून बसली होती. मी टेबलावर होतो.

"आई, एक विचारू?"

"विचार. कापड ताठ धर पण."

"तुझा विश्वास कमी आहे का गं?"

"का?"

"नसेल, तर मग माझाच असणार. मंडळीतल्या मोठ्या मावशी म्हणाल्या, देव बरं करतोच, घेणाऱ्याच्या मनातली शंका आड येते. मी सारखी आठवून बघते, शंका कधी घेतली. एकदा गणिताच्या तासाला घेतली होती बहुतेक." मग हळूच, "ती परत घेता येते का?"

सुई थांबली.

"तुझं काही चुकलेलं नाही," शिवणबाई म्हणाली.

"तू आई आहेस. तू असंच म्हणणार. बाकी कोणी तसं म्हणत नाही."

शिवणबाईने दातांनी दोरा तोडला. "मग उद्या त्यांच्यासमोरच सांगते. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच."

रविवारी पाळकांनी विचारले, "कोणाची साक्ष?" ती उठली. हॉलमधून चालत पुढे आली. पाळक माझ्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "ताई, आनंदाची आहे ना?"

"खरी आहे," ती म्हणाली आणि मला त्यांच्या हातातून काढून घेतले.

"मागच्या वर्षी इथे उभी राहून मी म्हटलं, माझी लेक बरी झाली. ती झाली नव्हती. मला पायरी चढायची होती. गोळ्या बंद करा असं देवाने सांगितलं नव्हतं. टाळ्या तुम्ही वाजवल्या, पण तोंड माझं होतं. माझ्या पोरीचे दात माझ्या साक्षीने पडले." खालून हवेचा फुस्स आवाज आला. या वेळी कोणी हसले नाही. "ती चिठ्ठी काढा तिथून. मी पाचवीवर नाही. कितवीवर आहे, मला माहीत नाही."

"बस, ताई, बस झालं," पाळक म्हणाले. "नवीन माणसं आलीत आज." आणि त्यांनी मेहुण्याकडे बघितले. मेहुण्याने बटण फिरवले.

माझ्यातली वीज गेली. पाळकांच्या बायकोने लगेच कीबोर्डवर गाणे सुरू केले आणि सगळी मंडळी जीव खाऊन गाऊ लागली. शिवणबाईला कळले नाही की मी मेलो आहे. ती बोलतच राहिली. पुढचे मी एकट्याने ऐकले.

"आता माझ्या लेकीचं ऐका. तिच्या विश्वासात काही खोट नाही. फिटमधून शुद्धीवर आली की पहिलं विचारते, आई, आज प्रार्थना राहिली का? तुमच्यात आहे का कोणी असं? मी रोज मागते. मिळत नाही. मी देवावर चिडले आहे. पुढच्या रविवारी चिडलेलीच येईन, पण येईन. विश्वासात मोठं होणं कशाला म्हणतात मला ठाऊक नाही. मला त्याला सोडून जाता येत नाही, एवढंच ठाऊक आहे."

तेवढ्यात तिला शेवटच्या बाकावरची लेक दिसली. मुलीने कानामागे हात धरला होता आणि ती मान हलवत होती. ऐकू येत नाही, आई.

शिवणबाईने माझ्याकडे बघितले. मग कळले तिला. ती बोलत बोलतच चालू लागली, गाण्याच्या वर आवाज चढवत. मला हातात तसेच घट्ट धरलेले. चौथ्या बाकाशी माझी वायर ताणली गेली. तिने एक हिसका दिला. प्लग निघाला, मी तिच्या हातातून सुटलो आणि फरशीवर तोंडावर आपटलो. जाळी चेपली ती तेव्हा. तिने मागे वळून बघितले नाही. बरेच केले.

बाकाशी जाऊन ती लेकीच्या कानाशी वाकली. काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. मुलीने मान डोलावली. पण ती आईकडे बघत नव्हती. ती पुढच्या बाकांकडे बघत होती, आणि तिथली एकही मान वळलेली नव्हती.

मित्रांनो, त्यानंतर बिनवायरचा नवा माइक आला आणि मी खोक्यात. वर फळा अजून आहे म्हणतात. मला इथून काही दिसत नाही, फक्त ऐकू येते. दर रविवारी एक जड पाऊल आणि एक हलके पाऊल जिना चढते. वळणावर दोन्ही थांबतात, मग पुढे जातात. कधी कधी गाण्याच्या मधेच वर बाकावर टाचा आपटल्याचा आवाज येतो आणि गाणे मोठे होते. थोड्या वेळाने तिचा आवाज, "हळू, बाळा. आहे मी." पुढच्या रविवारी पुन्हा तीच दोन पावले. मुलगी बरी झालेली नाही. होईल असे मी तुम्हाला सांगणार नाही. तसे एकदा सांगून झाले आहे.

मला पुसू नका, दुरुस्त करू नका, माझे राहू द्या. पण कोणी आपले दुखणे खरे खरे सांगू लागला, तर गाणे सुरू करू नका. आजारी मुलाला त्याचा विश्वास किती, हे विचारू नका. आणि कधी त्या हॉलमध्ये गेलात, तर पुढे बसायची घाई करू नका. दाराजवळच्या बाकावर पाच जण सहज मावतात. तिथे दोघीच बसतात.